कान नको, माईक पुढे करा

आमच्या घरी हळू बोललं की सासऱ्यांना कळत नाही आणि मोठ्यानं बोललं की ते चिडतात. "ओरडायलीस कशाला? बहिरा आहे का मी?" या दोन्हींच्या मधली जागा शोधायला म्हणून मी सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं. कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते, त्यामुळे ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरची आकृती फळ्यावर अगणित वेळा काढलेली. पण फळ्यावरचा ॲम्प्लिफायर शिट्टी मारत नाही, खरखरत नाही आणि त्याचे सेलही उतरत नाहीत.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो परत चालता करणारा माणूस. सोलापूरच्या पूर्व भागात दुपारच्या वेळी एखाद्या गल्लीतून चालत जा, शेडमधला खडखडाट रस्त्यावरसुद्धा बोलणं थांबवायला लावतो. धोट्याच्या मागावर धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, एका पेटीतून दुसऱ्या पेटीत मारूनच पाठवायचा असतो. इकडून फटका, तिकडे आदळ, मिनिटाला शंभरावर वेळा, आणि असे माग रांगेनं. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. मागांची शेड ती सहज ओलांडते. मामांच्या काळी कानात फार तर सुताचा बोळा कोंबायचे. बोलणं सगळं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी माणसं एका शेडमध्ये, पण हातवारे सगळ्यांचे एकच.

ह्या बहिरेपणाची एक खोड आहे आणि ती समजेपर्यंत आम्ही सगळे मामांवर उगीच वैतागायचो. आवाज येतो, पण शब्द लागत नाही. रुग्णालयात त्यांचा ऑडिओग्राम, म्हणजे कोणता सूर किती ऐकू येतो त्याचा आलेख, काढला तेव्हा आलेख पाहूनच उलगडा झाला. खालच्या सुरांना रेघ जवळजवळ ठीक, २००० हर्ट्झच्या पुढे घसरण, ४००० च्या आसपास खड्डा, मग थोडी वर. सततच्या गोंगाटानं गेलेल्या कानाचा आलेख बहुतेक असाच दिसतो. आता आपल्या बोलण्यात आ, ओ, उ हे स्वर खालच्या भागात असतात, आवाजाचं वजन त्यांच्यात. पण स, श, फ, आणि ट-त-क-प ह्यांची फुटण्याची टोकं वरच्या भागात असतात, आणि शब्दाची ओळख पटते ती ह्या टोकांवरून. "सात वाजता या" मधला स गळाला, त आणि ठ मधला फरक पुसला, की मामा आठला येतात. आणि येतात तेव्हा बरोबर वेळेवर आलो म्हणूनच येतात.

बरं, मोठ्यानं बोलून काय होतं? वाढतात ते स्वर, जे त्यांना आधीच ऐकू येत असतात. शिवाय आतल्या कानाच्या अशा इजेत हळू आवाज हरवतात, पण मोठे आवाज आपल्याइतकेच मोठे, कधी त्याहून कर्कश लागतात. म्हणून "ओरडायलीस कशाला".

कानाचं मशीन घरात आहे. चांगले पैसे मोजून घेतलेलं, कपाटात कापसात गुंडाळून ठेवलेलं. त्याची तक्रार मी करणार नाही, मशीन वाईट नव्हतं. पण माईक आणि स्पीकर दोन्ही कानातच, कानात बसणारा साचा जरा सैल बसला की कुईं करतं. त्याचे झिंक-एअर सेल डाळीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, मागाच्या नटबोल्टांवर घट्ट झालेल्या बोटांत ते मावत नाहीत. आणि खरं कारण वेगळंच: चौकात चारचौघांत कानात मशीन दिसलं की लोक विचारतात. उलट हेच मामा कानात इअरफोन घालून मोबाइलवर कीर्तन ऐकत कट्ट्यावर तासन्‌तास बसतात, त्याला कोणी काही म्हणत नाही. सगळं जगच हेडफोन घालून फिरतंय.

तेव्हा ठरलं ते इतकंच: एक माईक, एक छोटा ॲम्प्लिफायर, आणि मामांचा नेहमीचा वायरचा हेडफोन. ब्लूटूथ मुद्दाम नाही. साध्या ब्लूटूथ हेडफोनला आवाज पोचायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग लागतो. गाण्याला चालतं, पण समोरच्याचे ओठ आधी हलले आणि शब्द मागून आला तर ओठ वाचणाऱ्या माणसाचा उलट घोटाळा होतो. तारेतून असा उशीर नाही.

पार्ट घ्यायला नवी पेठेच्या बाजूला गेले. तिथं रेडिओ-टेपच्या जमान्यापासूनचं एक दुकान आहे, भिंतभर छोटे प्लास्टिकचे कप्पे. यादी वाचून दुकानदार म्हणाले, "ताई, तयार मॉड्युल मिळतंय की. कशाला डोकं लावायलाय?" मिळतं, खरंय. पण तयार बोर्डावरचे कपॅसिटर तांदळाच्या कणीएवढे चिकटवलेले असतात, आणि मला नेमके तेच बदलून बघायचे होते. म्हणून सुटे पार्ट घेतले: इलेक्ट्रेट कॅप्सूल (म्हणजे छोटे माईक) दोन-तीन, आवाज वाढवणारा एलएम ३८६ आयसी आणि तो खोचायचा आठ पायांचा बेस, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर, १० के (किलोओहम) चा व्हॉल्यूम, झीरो पीसीबी (भोकांचा कोरा बोर्ड), साडेतीन मिलिमीटरचं सॉकेट. सगळं मिळून एका सिनेमाच्या तिकिटाच्या आसपास.

इलेक्ट्रेट कॅप्सूल ही मला फार आवडणारी वस्तू. जेमतेम दहा मिलिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची डबी, वर काळं कापड. आत एका पातळ पडद्याशी कायमचा बसवलेला विद्युतभार असतो. आवाजानं पडदा हलला की कपॅसिटन्स बदलतो आणि तेवढा बारीक व्होल्टेज निघतो. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी असा फॉइलचा माईक तयार केला, आणि पुढे टेपरेकॉर्डरपासून मोबाइलपर्यंत तोच सगळीकडे गेला. पण हा व्होल्टेज इतका दुबळा असतो की तारेवरच मरून जाईल, म्हणून डबीतच एक एफईटी (एका प्रकारचा ट्रान्झिस्टर) बसवलेला असतो आणि त्याला बाहेरून वीज द्यावी लागते. मागे दोन ठिपके असतात. ज्या ठिपक्यापासून बारीक पट्ट्या धातूच्या कडेला जोडलेल्या दिसतात तो ग्राउंड. डोळ्यांना दिसत नसेल तर मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक डबीला लावायचं, ज्या ठिपक्याला बीप वाजेल तो ग्राउंड. दुसऱ्या ठिपक्याला ४.७ के रेझिस्टरमधून वीज. जोडल्यावर कॅप्सूलच्या दोन टोकांत तीन-साडेतीन व्होल्ट दिसले की ती जिवंत आहे. शून्य किंवा पुरवठ्याइतकाच आकडा दिसला तर कुठेतरी उलटंपालटं आहे. आणि डाग देताना आयर्न दोन सेकंदांच्या वर टेकवायचं नाही, आतला पडदा उष्णतेनं जातो. डाग देऊन झाल्यावर फुंकर मारून बघायची, मीटरवर आकडा थरथरला पाहिजे.

वीज कशाची, ह्यावर घरात चर्चा झाली. पुस्तकांतल्या बहुतेक आकृत्या ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर असतात. ती महाग, तिच्यात जीव कमी आणि तिची क्लिप दाबून काढताना वायर तुटते. मी चार पेन्सिल सेलचा होल्डर घेतला, ६ व्होल्ट. एलएम ३८६ ४ व्होल्टपर्यंत चालतो, तेव्हा सेल निम्मे उतरले तरी काम होतं. नुसता चालू ठेवला तर सगळं मिळून पाच-सहा मिलिअँपिअर खातो, म्हणजे चांगल्या अल्कलाइन सेलवर कागदावर तीनशेच्या वर तास. आणि टीव्हीच्या रिमोटसारखे सेल मामा स्वतः बदलू शकतात. निळा चमकता एलईडी लावायचा मोह टाळला. नेहमीच्या रेझिस्टरवर तो एकटाच सगळ्या सर्किटाइतकी वीज पितो. लाल एलईडीला १० के लावला, मिणमिणतो, पण चालू आहे हे कळतं.

पहिलं सर्किट अगदी साधं जोडलं: कॅप्सूल, एक कपॅसिटर, थेट ३८६. ह्या आयसीची मूळ वाढ २० पट असते. १ आणि ८ नंबरच्या पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की २०० पट होते. बोलणं आलं, पण त्याच्या मागे सतत फस्स असा आवाज. ३८६ हा छोट्या स्पीकरला ढकलण्यासाठी केलेला आयसी आहे. माईकच्या मिलिव्होल्टहून लहान सिग्नलला तोच पहिला भेटला तर त्याची स्वतःची कुजबुजही दोनशे पट होते. उपाय पुस्तकात आहेच: आधी एक शांत टप्पा लावायचा आणि ३८६ कडून कमी काम घ्यायचं. बीसी ५४७ त्याच कामाला (कलेक्टर, बेस, एमिटर हे त्याचे तीन पाय): कलेक्टरला ४.७ के, कलेक्टरपासून बेसला १ मेगओहम, एमिटरला १०० ओहम. एवढ्यावर वीसेक पट वाढ. मग व्हॉल्यूम, मग ३८६, त्याच्या १-८ मध्ये १० मायक्रोफॅरडच्या जोडीला १.२ के, म्हणजे वाढ ५० पट. फस्स पूर्ण गेलं नाही, पण पंखा चालू असलेल्या खोलीत ते ऐकू येत नाही इतकं खाली गेलं.

आणि मग व्हॉल्यूम वाढवताच हेडफोनमध्ये भुक-भुक-भुक सुरू झालं, विहिरीवरचं डिझेल इंजिन लांबून ऐकू यावं तसं. इंग्रजीत ह्याला मोटरबोटिंग म्हणतात, आणि कारण सरळ आहे. ३८६ हेडफोनला धक्का देतो तेव्हा सेलमधून करंट खेचतो, त्यानं व्होल्टेज किंचित बसतो. तोच व्होल्टेज माईकला जातो, माईकला वाटतं आवाज आला, तो पुन्हा वाढून ३८६ कडे, आणि चक्र सुरू. माईक आणि ट्रान्झिस्टरच्या वाटेवर १ के रेझिस्टर आणि त्यापुढे ग्राउंडला २२० मायक्रोफॅरड लावला की चक्र तुटतं. ३८६ च्या सहाव्या पायाला अगदी चिकटून आणखी एक २२० चा, सातव्या पायाला १० चा. पाचव्या पायापासून ग्राउंडला १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरडची जोडी. ही जोडी बरेच जण वगळतात, कारण तिच्याशिवायही आवाज येतो. पण ती नसेल तर आयसी ऐकू न येणाऱ्या सुरात थरथरत राहू शकतो, आणि मग सेल लवकर का उतरतात हे कळत नाही.

इथपर्यंत आल्यावर मामांना बसवलं. एप्रिल, बाहेर चाळिशीच्या वर, खोलीत कूलर. मी मागे उभी राहून शब्द म्हणत गेले, मागे अशासाठी की समोर असले तर ते निम्मं ओठांवरून उचलतात. सात, साठ, आठ. पाट, ताट, काठ. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "कूलर चांगला ऐकू यायलाय."

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं. सर्किट बरोबर होतं, मीटर बरोबर होतं, वाढ हवी तेवढी होती. आणि त्यानं इमानदारीनं सगळंच वाढवलं: कूलरची घरघर, रस्त्यावरची रिक्षा, शेजारच्या मिक्सरची गुरगुर. हे सगळे खालचे सूर, म्हणजे नेमके ते, जे मामांच्या कानात आधीच शाबूत पोचतात. आता ते वाढून स आणि ट च्या अंगावर बसले.

बदल एका कपॅसिटरचा होता. माईक आणि ट्रान्झिस्टरच्या बेसमधला कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा होता. त्याच्या आजूबाजूचा एकूण रोध साधारण २० किलोओहम धरला, तर तो ८० हर्ट्झच्या खालचं अडवतो आणि वरचं सोडतो. बारावीला आम्ही शिकवतो तेच सूत्र, एक भागिले दोन पाय (π) आर सी. जागी ०.०१ लावला की ही सीमा ८०० हर्ट्झवर सरकते. सीमेखाली दर सप्तकाला ६ डेसिबलनं उतार, म्हणजे १०० हर्ट्झची घरघर तीन सप्तकं खाली, सुमारे १८ डेसिबलनं दबते. चांगल्या कानाला हा आवाज पातळ, पत्र्याचा लागतो. मुलगा ऐकून म्हणाला, "आई, हे बिघडलंय." मी त्याला म्हटलं, तुझ्यासाठी नाहीये ते.

०.०२२ सुद्धा लावून पाहिला, ०.००४७ पण. त्यासाठी बोर्डावर त्या जागी आयसी बेसचा कापलेला तुकडा बसवला होता, कपॅसिटर उपसून दुसरा खोचता येईल असा. मामा प्रत्येकावर मत द्यायचे. ०.००४७ ला म्हणाले, "मुंगी बोलायलीय." ०.०२२ ला कूलर परत आला. ०.०१ ला त्यांनी पाट आणि ताट वेगळे सांगितले, सात आणि साठ वेगळे सांगितले. काठ अजूनही काहीसा पाटच राहिला. ४००० हर्ट्झच्या खड्ड्यात जे पेशींसकट गेलंय ते कपॅसिटर परत आणणार नाही. हे मी स्वतःला आधीच बजावून ठेवलं होतं, म्हणून निराश झाले नाही.

दुसरी गोष्ट घडली स्वयंपाकघरात. कुणाच्या तरी हातून स्टीलचं ताट फरशीवर पडलं आणि मामांनी हेडफोन असा खेचून काढला की कानशील लाल झालं. त्यांच्यासारख्या कानाला असा कडकडाट किती लागतो ते वर सांगितलंच आहे. शिवाय ३८६ कडे ६ व्होल्टवर हेडफोनला घातक इतका आवाज देण्याची ताकद असते. ज्या कानाला मागांनी आधीच खाल्लंय, त्यात आपल्या हातानं भर घालायची नाही. म्हणून बाहेर पडणाऱ्या वाटेवर ३३ ओहम, त्यानंतर ग्राउंडला दोन डायोड, १एन ४१४८, एकमेकांना उलटे, आणि पुढे प्रत्येक कानाला वेगळा ६८ ओहम. डायोड पाऊण व्होल्टच्या आतच वाहू लागतात, त्याच्या वर सिग्नलचं डोकं कापलं जातं. ३२ ओहमच्या नेहमीच्या हेडफोनवर हिशोब केला तर कमाल आवाज १०० डेसिबलच्या आसपास अडतो. आता ताट पडलं तर ठप्प असा बसका आवाज येतो. ऐकायला वाईट, पण कानाला झोंबत नाही. असं काही बनवणाऱ्या कुणी बाकी काही नाही केलं तरी हे दोन रुपयांचे डायोड विसरू नयेत.

बाकीच्या कटकटी लवकर सुटल्या. मामांचा जुना बटणांचा फोन जवळ ठेवला की रिंग वाजायच्या आधी टर्र-टर्र-टर्र यायचं. टूजी फोन तुकड्या-तुकड्यांत रेडिओलहरी फेकतात आणि कॅप्सूलमधला एफईटी त्यांना आवाज समजून पकडतो. कॅप्सूलच्या अगदी पाठीवर १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला, माईकची वायर जाळीची घेतली, जाळी ग्राउंडला. डबा पत्र्याचा केला, चुन्याची नव्हे, पेपरमिंटची जुनी डबी, आतून इन्सुलेशन टेप. सॉकेटच्या बाबतीत एक बारकावा: मोबाइलच्या इअरफोनच्या पिनेवर चार कडी असतात आणि साध्या सॉकेटात तीन स्पर्श. काही सॉकेटात ग्राउंड नीट टेकत नाही आणि आवाज पोकळ, लांबून आल्यासारखा येतो. पिन थोडी मागे ओढून आवाज सुधारला तर दोष ॲम्प्लिफायरचा नाही.

आता माईक ठेवायचा कुठे, ह्यावर येते. आधी तो डबीतच होता आणि डबी मामांच्या सदऱ्याच्या खिशात. हलले की कापडाची खसखस, खोकले की स्फोट. डबी टेबलावर ठेवली तर टेबलाची थरथर. आणि कुठेही ठेवली तरी तीन हातांवरून बोलणाऱ्या माणसाचा आवाज कमी आणि खोलीचा आवाज जास्त. मग गणित आठवलं. उघड्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो. दोन मीटरवरचा माईक पाव मीटरवर आणला तर तीनदा निम्मं झालं, १८ डेसिबल. तेही फुकट, फस्स न वाढवता, कूलर न वाढवता. कूलर होता तिथंच आहे, फक्त बोलणारा जवळ आला. माझ्या सगळ्या आयसी-ट्रान्झिस्टरनी मिळून केलं नसतं इतकं काम ह्या एका गोष्टीनं केलं.

म्हणून कॅप्सूल डबीतून काढली, जुन्या पेनाच्या नळीत बसवली, तोंडावर स्पंजचा तुकडा, आणि दीड मीटर जाळीची वायर. मामा डबी मांडीवर ठेवतात आणि माईक समोरच्याच्या हातात देतात. पहिल्यांदा सगळ्यांना हसू आलं. धाकटी नणंद तर बातमीदारासारखी उभी राहून "मी आता सोलापुरातून" सुरू झाली. पण गंमत अशी की माईक हातात आला की माणूस आपोआप एका वेळी एकच वाक्य बोलतो, तोंड फिरवत नाही, आणि मध्येच दुसरा कोणी घुसत नाही. मामांच्या आजाराला अर्धा इलाज घरातल्यांच्या बोलण्यात होता आणि तो माईकमुळे झाला. माईक आणि हेडफोन दूर असल्यानं कुईं पण जवळजवळ बंद. फक्त हेडफोन काढून माईकशेजारी ठेवला आणि बंद करायचं राहिलं तर तो ओरडून आठवण करून देतो. मी ते दुरुस्त केलं नाही, सेल वाचतात.

कुठे चालत नाही तेही सांगते. लग्नाच्या हॉलमध्ये काही उपयोग नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे सोलापूरच्या जत्रेत, मामा घेऊन गेले होते, पाळण्यांचे भोंगे आणि गर्दी, तिथं त्यांनी डबी बंद करून खिशात टाकली आणि म्हणाले, "हितं तुमाला तरी कुठं ऐकू यायलंय?" चालत्या रिक्षात वाऱ्यानं फुर्र-फुर्र होतं, स्पंज असूनही. आणि हे कानाच्या मशीनला पर्याय नाही. मशीन प्रत्येक सुराला त्या कानाच्या आलेखाप्रमाणे वेगळं वाढवतं, माझ्याकडे एक उतार आणि एक बटण आहे. कपाटातलं मशीन आता मामा घरी असताना अधूनमधून घालतात, बहुधा हेडफोनमुळे शब्द ऐकायची सवय परत लागली म्हणून. साचा नवा करून घ्यायचा आहे, ह्याला मात्र अजून तयार नाहीत.

त्यांच्या शेडमधले जुने दोस्त संध्याकाळी कट्ट्यावर येतात, सगळ्यांचे कान त्याच मागांनी घडवलेले. एकानं डबी कानाला लावून पाहिली आणि तिथंच मला सांगितलं, "सूनबाई, मला पण एक." मी म्हटलं, आधी कान तपासून या, मळ असेल तर नुसता तो काढूनही फरक पडतो, आणि एकाच कानानं अचानक कमी ऐकू यायला लागलं असेल तर थांबू नका. ते जाऊन आले, कागद अजून मिळायचा आहे. त्यांचा बोर्ड तयार करून ठेवलाय, डायोड बसलेत, आवाज येतो. माईकपुढच्या कपॅसिटरची जागा मोकळी आहे, आलेख बघून ठरवू.